जुनी खाऱ्या पाण्याची टाकी खान्देशात लावताना : आधी पाणी, मग उजेड

जुनी टाकी घरी आली की पहिला मोह होतो तो निळा दिवा लावून बघायचा. दिवा लागतो, काचा चमकतात, गल्लीतली पोरं गोळा होतात आणि आठवड्याभरात पाणी भरून मासेही सोडले जातात. पंधराव्या दिवशी मासे मेलेले असतात आणि दगडांवर तपकिरी साय धरलेली असते. दोष टाकीचा नसतो, क्रम उलटा झालेला असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत उजेड सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी काच, पाणी, प्रवाह आणि दगडावर वस्ती करणारे जीवाणू, एवढ्यांची सोय लागलेली हवी. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते : बोअरचं जड पाणी आणि वैशाखातलं ऊन.

पुढची सगळी मापं चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीची आहेत, म्हणजे १२० × ४५ × ४५ सेंटीमीटर. काठोकाठ २४३ लिटर. थोडं खाली भरलं आणि दगड-वाळूची जागा वजा केली की टाकीत साधारण १९० लिटर पाणी उरतं. खालच्या सम्पमध्ये, म्हणजे स्टँडच्या आत ठेवलेल्या छोट्या दुसऱ्या टाकीत, ४० लिटर धरले तर एकूण २३०. तुमची टाकी वेगळी असेल तर पाणी भरताना बादल्या मोजा आणि आकडा टाकीच्या मागच्या काचेवर मार्करने लिहून ठेवा. मीठ, सोडा, औषध, सगळ्याचा हिशेब पुढे त्याच आकड्यावर होतो.

विकत घेण्याआधी

काच १० मिमी हवी. ८ मिमीची असेल आणि वरच्या काठाला काचेच्या पट्ट्या नसतील तर स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर नख फिरवा. कडेने सुटत असेल, आत पांढरे फुगे किंवा हिरवी रेघ शिरलेली दिसत असेल तर तो जोड नव्याने भरावा लागणार. त्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वापरा. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक नको, त्यातलं रसायन पाण्यात उतरतं. भरल्यावर सात दिवस सुकू द्या.

विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा : यात तांब्याचं औषध कधी घातलं होतं का? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते सर्रास वापरतात. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, सिलिकॉनमध्येही थोडं धरून राहतं आणि हळूहळू सुटत राहतं. माशांना त्याचा त्रास एक वेळ होणार नाही, पण कोळंबी, शंख, खेकडे तगत नाहीत. उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं तर दगड-वाळू तिथेच सोडा आणि नुसती काच घ्या. पाणी भरल्यावर तांब्याची चाचणी करून खात्री करा.

टाकीसोबत कोणी पोवळ्याचे तुकडे ‘फुकट’ देत असेल तर घेऊ नका, मग ते जिवंत असोत की वाळलेले. खडक बांधणारी पोवळी आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. म्हणून हा लेख मासे आणि कोरडा दगड असलेल्या टाकीपुरता आहे, आणि नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

टाकी आणताना पूर्ण रिकामी करा. तळाला चार बोटं वाळू ठेवून छोट्या हत्तीत चढवलेली टाकी खड्ड्यात आपटली की तळाची काच जाते. खाली गादी आणि टाकी उभी, हे पुरे.

काच, स्टँड आणि गळतीची परीक्षा

भरलेली टाकी, सम्प, दगड, वाळू, स्टँड मिळून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. लोखंडी अँगलचा स्टँड करणार असाल तर वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइड आणि त्यावर इपॉक्सी रंग द्या. मिठाचं पाणी साध्या ऑइल पेंटखालून लोखंड खातं. वर १८ मिमी प्लाय, त्यावर १० मिमी थर्माकोल. गवंड्याकडची लेव्हलची नळी चारही कोपऱ्यांना लावून बघा. दोन मिमीचा फरक चालेल, बोटभर चालणार नाही. जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि पत्र्याखालची खोली टाळा. धाब्याचं घर असेल तर तुमचं नशीब, तिथे मे महिन्यातही टाकी आटोक्यात राहते.

जुन्या मिठाचा आणि चुन्याचा थर साबणाने काढायचा नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद काचेवर चिकटवा, तासभर ठेवा, मग साध्या ब्लेडने खरवडा. आधीच्या टाकीत रोगराई होती अशी शंका असेल तर बिनवासाचं साधं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) वीस पट पाण्यात मिसळून काच पुसा, दोनदा धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर एकाच वेळी कधीही नको, विषारी वायू निघतो.

आता साध्या पाण्याने टाकी काठापर्यंत भरा आणि तळाच्या चारही कडांखाली कोरडं वर्तमानपत्र सरकवून ठेवा. उन्हाळ्यात बारीक गळतीचा थेंब पडताच वाळतो, डोळ्याला दिसत नाही. पण एकदा ओला झालेला कागद वाळताना सुरकुततो, आणि त्या सुरकुतीवरून नेमका कोणता जोड पाझरतोय ते कळतं. तीन दिवस असंच राहू द्या.

पाण्याचा फिरता मार्ग

टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोमधून खाली सम्पमध्ये उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट चढवताना आणि दोन एल्बो ओलांडताना तो बराच घसरतो. म्हणून खोक्यावर विश्वास न ठेवता मोजा : रिटर्नचा पाइप १० लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ लावा. बादली ३० सेकंदांत भरली तर ताशी १,२०० लिटर. या टाकीला ताशी १,००० ते १,२०० पुरतात.

जुना पंप घेतला असेल तर रोटर बाहेर काढून बघा. त्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टण चिरलेलं असेल, चुंबकाला तांबूस गंज दिसत असेल तर पंप फेकून द्या, गंजणारं चुंबक धातू पाण्यात सोडतं. नुसता पांढरा थर असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन चार तास बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.

रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ३ ते ४ मिमीचं भोक पाडा. वीज गेली की पाइप उलट ओढायला लागतो. पाणी त्या भोकापर्यंत उतरलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. भोकावर चुना बसतो, दर महिन्याला काडीने साफ करा. मग मुख्य परीक्षा : सगळं चालू असताना मुद्दाम स्विच बंद करा. वरून पाणी उतरायचं थांबलं की सम्पमध्ये पाणी कुठवर आलं ते बघा. काठाला टेकत असेल तर सम्पमधलं पाणी कमी करा, पंप परत चालू करा, पुन्हा बंद करा. सुरक्षित पातळी सापडली की चालू अवस्थेतल्या पाण्याच्या रेषेवर पक्की खूण करा. पुढे कधीही त्या खुणेच्या वर भरायचं नाही. ही परीक्षा टाळलेल्या घरात पहिल्या रात्रीची वीज जाते आणि सकाळी हॉलमध्ये तळं असतं.

सम्पमधलं येणं-जाणं दगडांभोवतीच्या प्रवाहाला पुरत नाही. त्यासाठी वेव्हमेकर, म्हणजे टाकीच्या आत बसवून पाणी ढवळणारे पंप लागतात. मिळून ताशी २,००० ते ४,००० लिटरचे दोन छोटे, समोरासमोरच्या काचांवर, वरच्या तिसऱ्या हिश्शात, तोंड किंचित वर. पाण्याचा पृष्ठभाग सतत थरथरत राहिला पाहिजे, प्राणवायू तिथूनच विरघळतो. एकच मोठा लावला तर समोरची वाळू उडते आणि मागच्या कोपऱ्यात घाण साचते.

विजेची सोय

आपल्याकडे ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली, दिवा नव्हे. दिवा दोन दिवस बंद राहिला तरी टाकीचं काही बिघडत नाही. प्रवाह थांबला की मात्र उन्हाळ्यात काही तासांतच मासे वर तोंड काढतात, कारण तापलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मुरतो.

म्हणून इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एअर पंप घ्या, दिवा आणि हीटर नको. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप घुमतो आणि तापतो. साइन वेव्ह असेल तरच त्यावर पंप जोडा, नाहीतर डीसी वेव्हमेकर घ्या. इन्व्हर्टरच नसेल तर यूएसबीवर चालणारा हवेचा पंप आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक रात्र निभावून नेते. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल आणि वीज तीन-चार तासांहून जास्त गेली असेल तर तो तसाच चालू करू नका. आतलं कोंडलेलं पाणी सडलेलं असतं. ओतून द्या, मग लावा.

प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली लोंबेल असा झोका द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. बोर्ड टाकीच्या बाजूला आणि उंचावर लावा, सम्पच्या कप्प्यात नव्हे. या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद होणारा स्विच) आणि खरी अर्थिंग हवी. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. इथे काटकसर करू नका.

पाणी बनवणं

बोअरचं पाणी थेट वापरायचं नाही. त्यात जडपणा असतो, शिवाय केळी-कापसाच्या शेतांना दिलेल्या खतातलं नायट्रेट झिरपून आलेलं असू शकतं. जळगावात वाघूर धरणाचं पाणी नळाला येतं, ते बोअरपेक्षा बरं, पण त्यात क्लोरीन असतं. कोणतंही असो, आरओमधून काढा.

घरातल्या आरओत एक गोम असते. चवीसाठी त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेलं असतं, जे थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. त्यामुळे पिण्याच्या नळातून ५० ते १५० टीडीएसचं पाणी येतं. मेकॅनिककडून तो कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या किंवा मेम्ब्रेननंतर लगेच वेगळी नळी काढा. तिला पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) छोटा कँडल जोडला की टीडीएस शून्यावर येतो. ५ पर्यंत चालेल. २० लिटरचा जार विकत घ्यायचा तर आधी मीटर बुडवा, एकाच प्लांटच्या दोन जारांतही फरक निघतो. बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, ते कोणत्या कॅनमधून भरलंय याचा भरवसा नसतो.

२३० लिटर आरओ काढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया जातं. नळ चार दिवसांनी येत असेल तर हे काम चार-पाच पाळ्यांत उरका आणि सांडपाणी अंगण धुवायला ठेवा. कूलरमध्ये टाकू नका, जाळ्यांवर चुना बसतो.

मीठ म्हणजे सागरी टाकीसाठी मिळणारं तयार मिश्रण. किराणा दुकानातलं खडे मीठ मुख्यतः सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आम्ल-अल्कलीचा तोल राखणारे क्षार त्यात नसतात. लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम धरा : २० लिटरच्या बादलीला साधारण पाऊण किलो, सगळ्या २३० लिटरला साडेआठ किलोच्या आसपास. आधी पाणी, मग त्यात मीठ, थोडं थोडं, पंप फिरत असताना. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं तर कॅल्शियम साक्याच्या रूपात खाली बसतं आणि पाणी दुधाळ होतं. ते परत विरघळत नाही. पहिल्या वेळी टाकी रिकामी असल्यामुळे मीठ टाकीतच मिसळता येतं. पुढे मात्र नेहमी वेगळ्या ड्रममध्ये, २४ तास फिरवून.

खारटपणा मापायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. जुळवणीसाठी मिळणाऱ्या ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने तो जुळवा, नुसत्या आरओ पाण्याने शून्य जुळवला की वरच्या टोकाला चुकू शकतो. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. १.०२५ आलं तरी ठीक.

वाळू अरॅगोनाइटची (चुनखडीच्या जातीची), तीन सेंटीमीटर थर, म्हणजे अंदाजे २४ किलो. तापी-गिरणेची वाळू फुकट आहे म्हणून भरू नका. मूठभर कोरड्या वाळूवर लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण झुपकेदार चिकटून येतात. बेसॉल्टच्या मुलखातली वाळू आहे ती, लोह घेऊनच येते. जुन्या टाकीसोबत आलेली वाळू ठेवायचीच असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. तशीच उचलून टाकली की तळात कोंडलेला सडका, अंड्यासारख्या वासाचा वायू आणि वर्षानुवर्षांची घाण एका तासात पाण्यात येते.

दगड १८ ते २५ किलो. वाळूच्या वर नव्हे, आधी काचेवर रचायचे, मग भोवती वाळू, नाहीतर मासे खालून वाळू उकरतात आणि दगड काचेवर घसरतो. वाळलेल्या जुन्या दगडात मेलेल्या जीवांचा मांसल भाग आणि फॉस्फेट अडकलेलं असतं. ड्रममध्ये खारं पाणी, एक पंप, वर झाकण, अंधारात तीन-चार आठवडे ठेवा आणि आठवड्याला पाणी बदला. दगड विकणाऱ्याच्या चालू टाकीतून ओलाच मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच्याच पाण्यात बुडवून बादल्यांतून आणा आणि त्याच दिवशी टाकीत घाला.

सायकल : दिसत नाही ते काम

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो, तो विषारी. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. हे चक्र टाकीत बसवणं म्हणजेच ‘सायकल’. हे गट दगड, वाळू, काच यांच्यावर थर धरून राहतात, पाण्यात फार कमी. म्हणून ‘जुन्या टाकीचं पाणी’ आणून उपयोग नसतो, जुना ओला दगड आणून असतो.

मासे न घालता त्यांना खाऊ घालायचं तर अमोनियम क्लोराइड लागतं. मराठीत हाच नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा किंवा सोल्डरिंगचा नवसागर घेऊ नका, त्यात धातूंची भेसळ असू शकते. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध प्रतीची बाटली मिळते. वजनाला खिशात मावणारा सराफी काटा उत्तम, आणि सोन्याच्या जळगावात तो शोधावा लागत नाही.

१० ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटलीवर ‘विष’ असं लिहा. या द्रावणाचे १०० लिटरला ६३ मिली घातले की २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया होतो, आपल्या २३० लिटरला १४५ मिली. तासाभराने चाचणी करा. ४ च्या वर नेऊ नका. जास्त दिलं म्हणजे लवकर होतं असं नाही, उलट जीवाणूच अडकतात. कोळंबीचा तुकडा सडवण्याची जुनी पद्धतही चालते, पण अमोनिया किती झाला यावर ताबा राहत नाही, पाण्यात फॉस्फेट वाढतं आणि एप्रिलमध्ये घरात तिसऱ्या दिवशी बसवत नाही.

पाणी २६–२७ अंश, वेव्हमेकर चालू, यूव्हीचा जंतुनाशक दिवा असेल तर तो आणि मुख्य दिवा बंद. जीवाणूंना उजेड लागत नाही. लागतो तो शेवाळाला, आणि त्याला या काळात भरपूर खाद्य मिळत असतं. बाटलीबंद जीवाणू घालणार असाल तर ते मागवताना महिना बघा : उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात दोन दिवस तापलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी. डिसेंबरमध्ये मागवा किंवा मुंबई-सुरतेहून कोणी रात्रीच्या रेल्वेने येत असेल त्याच्याबरोबर मागवा.

चाचणीचे किट खाऱ्या पाण्याला चालणारे हवेत, आणि टाकीसोबत फुकट आलेल्या किटची मुदत आधी बघा. दर दोन दिवसांनी मोजा आणि वहीत लिहा. साधारण असं दिसतं : पहिला आठवडा अमोनिया जागचा हलत नाही. दुसऱ्यात उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, इतकं की किटचा रंग शेवटच्या चौकोनाच्या पलीकडे जातो. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की पुन्हा २ पीपीएमपर्यंत भरा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान कधीतरी नायट्राइट दोन दिवसांत कोसळतं. त्याआधी नायट्रेटची चाचणी करून घाबरू नका. नायट्राइट असताना नायट्रेटचा किट खोटा, फुगवलेला आकडा दाखवतो.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशी परत तसंच झालं, की सायकल पूर्ण.

अडकलं तर कारणं मोजकी असतात. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं म्हणजे अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद (तिचं माप डीकेएच), संपलेली. दर २ पीपीएम अमोनिया पचवताना अर्धा-पाऊण डीकेएच खर्च होतो. चार-पाच डोसांत ८ वरून ५ वर येतो, पीएच घसरतो आणि जीवाणू मंदावतात. खाण्याचा सोडा घाला, बेकिंग पावडर नव्हे. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे १ डीकेएच. आपल्या टाकीत ६ वरून ८ वर न्यायला १४ ग्रॅम, आरओ पाण्यात विरघळवून, दोन दिवसांत विभागून. दुसरं कारण थंडी. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हीटरशिवाय सायकल दुप्पट रेंगाळते. एक २०० वॅटचा घेण्यापेक्षा १०० वॅटचे दोन घ्या. एक चालू राहून अडकला तरी टाकी उकळत नाही. तिसरं, आरओच्या कार्बन फिल्टरची मुदत संपून क्लोरीन आत येणं.

संपल्यावर निम्मं पाणी बदला. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आलं पाहिजे.

आता दिवा

जुना दिवा घेताना प्रकार बघा. मेटल हॅलाइड कितीही स्वस्त असो, आपल्याकडे नको. दीडशे-अडीचशे वॅटची ती भट्टीच. टी५ चालेल, पण नळ्या नव्या टाकाव्या लागणार. नऊ-बारा महिन्यांत त्यांचा उजेड उतरतो आणि रंग सरकतो, डोळ्याला ते कळत नाही. एलईडी असेल तर प्रत्येक चॅनल वेगळा लावून बघा, दोन तास चालू ठेवा, आतल्या पंख्याचा आवाज ऐका आणि ड्रायव्हरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर त्याचे दिवस भरलेत. कनेक्टरवर हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती बुरशी नाही, मिठाने तांबं खाल्लंय. लेन्सवरचा मिठाचा धुरकट थर आरओ पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा. अॅक्रिलिकवर स्पिरिट लावलं तर बारीक तडे जातात.

मासे आणि दगड असलेल्या चार फुटी टाकीला ४० ते ६० वॅटचा एलईडी पुरतो. रंग १०,००० ते १५,००० केल्विन, सोबत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा. पोवळ्यांसाठी बनवलेला दीडशे वॅटचा दिवा जुना मिळाला असेल तर तो कधीच पूर्ण चालवायचा नाही. पाण्यापासून २५ सेंटीमीटर वर टांगा. खाली आणला की मीठ उडून त्यावर बसतं.

पहिला आठवडा २० टक्के, दिवसाला सहा तास. पुढे दर आठवड्याला पाच टक्के वाढवा. ३५–४० टक्के आणि सात तासांवर थांबा. मधेच तपकिरी पूड दगडांवर बसेल. ते डायटम (एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ), नव्या टाकीत येतातच, दोन-चार आठवड्यांत आपोआप जातात. केसाळ हिरवं शेवाळ आलं तर तीव्रता आधी नका कमी करू, आधी तास कमी करा आणि खाद्य बघा.

वेळ ठरवताना ऊन लक्षात घ्या. दुपारी बारा ते चार खोली सगळ्यात तापलेली असते, त्यात दिव्याची भर कशाला? चार ते रात्री अकरा ठेवा. घरातली माणसंही तेव्हाच टाकीसमोर बसतात. चकतीचा टायमर घेऊ नका. वीज जितका वेळ जाते तितका तो मागे पडतो, महिन्याभरात दिवा मध्यरात्री लागायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण ही कटकट राहत नाही.

मे महिना

४४–४५ अंशांच्या दिवसात टाकी ३० च्या खाली ठेवायची तर चिलरशिवायही (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवायही) जमतं, कारण आपली हवा कोरडी आहे. काचेचं झाकण काढा, त्याऐवजी मासे उडी मारू नयेत म्हणून बारीक जाळी बसवा, आणि दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके रोखा. दिवसाला पाच लिटरच्या वर पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कूलर त्याच खोलीत असेल तर खिडकी उघडी हवी. बंद खोलीत ओल साठते आणि कूलर-पंखे दोन्ही निकामी होतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा जोर आपसूक कमी होतो, तेव्हा दिव्याचे तास कमी करा.

उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर फक्त आरओ पाण्याने, सम्पच्या खुणेपर्यंत. खाऱ्या पाण्याने भर घातली तर आठवड्यात खारटपणा ४० पीपीटीवर जातो. आपोआप भरण्यासाठी कूलरमधला फ्लोट वापरायची कल्पना सगळ्यांना सुचते. त्याचा पितळी भाग तांबं सोडतो, पूर्ण प्लॅस्टिकचाच घ्या.

मासे सायकलनंतर, दिव्याच्या दुसऱ्या आठवड्यात. टँकमध्येच पैदास केलेले दोन क्लाउनफिश, पिशवीतल्या पाण्यात ठिबक पद्धतीने तासभर टाकीचं पाणी मिसळून. पुढचा मासा महिन्याने, मधल्या काळात अमोनिया दर तिसऱ्या दिवशी मोजा.

लग्नसराईत चार दिवस गावाला जायचं असेल तर २५ लिटरचा आरओचा कॅन फ्लोटला जोडून जा. शेजाऱ्याला किल्ली देणार असाल तर खाद्याच्या चिमट्या कागदाच्या पुड्यांत बांधून तारीख टाका आणि मिठाच्या पाण्याचा ड्रम कुलपात ठेवा. पातळी उतरलेली दिसली की माणूस हाताला लागेल तो मग ओततो.